आधी मत देणारी राज्यं आणि देणगीचे डॉलर: अमेरिकेच्या प्रायमरीत उमेदवार खरा ठरतो कुठे?

आयोवावासी

आयोवा राज्यातल्या डेस मॉईनला येऊन मला अठरा वर्षं झाली. नागरिकत्व मिळाल्यावर अध्यक्षपदाच्या निवडीत पहिला भाग घेतला तो ३ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, मुलांच्या शाळेच्या जिममध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस होता, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची वस्तीतली सभा. तिथे आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. आमच्या खोलीत साधारण २४० माणसं होती. १५ टक्क्यांचा उंबरठा म्हणजे ३६ डोकी लागणार, आणि आमच्या कोपऱ्यात भरली २९. कोपरा बाद. मग ज्या शेजारणीशी मी रोज सकाळी कुत्रा फिरवताना बोलते ती समोरच्या कोपऱ्यातून आली आणि दहा मिनिटं मला समजावत राहिली. आरोग्यविमा, शाळा, कॉलेजची फी, सगळं बोलून झालं. शेवटी मी गेले तिच्याबरोबर. इतक्या गांभीर्याने कुणी माझं मत मागितल्याचं त्याआधी मला आठवत नाही.

त्या रात्री निकाल लागलाच नाही. आकडे कळवायचं अ‍ॅप कोलमडलं, फोन लागेनात, आणि सगळा देश ताटकळत बसला. काही दिवसांनी कळलं की राज्य-प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज केसभर पुढे आणि प्रत्यक्ष डोक्यांच्या मोजणीत सँडर्स पुढे.

मला बोलायचंय ते पुढचं. त्या वर्षी पक्षाचे बांधील डेलिगेट, म्हणजे राज्यांच्या निकालाप्रमाणे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, होते ३,९७९ आणि त्यात आयोवाचे ४१. जेमतेम एक टक्का. तरी उमेदवार वर्षभर इथे मुक्काम ठोकून होते. एक टक्क्यासाठी कुणी असं करत नाही. इथून मिळते ती बातमी, आणि बातमीच्या पाठोपाठ देणग्या. ३ जानेवारी २००८ ला ओबामा इथे जिंकले आणि त्या एका महिन्यात त्यांच्याकडे ३ कोटी डॉलरच्या वर जमले. हिलरी क्लिंटन इथे तिसऱ्या आल्या आणि त्याच महिन्यात त्यांना स्वतःचे ५० लाख डॉलर प्रचाराला उसने द्यावे लागले.

आपली मंडळी पैसे देतात, चांगले घसघशीत देतात, पण बहुतेक जण सुपर ट्यूजडे, म्हणजे बऱ्याच राज्यांचं एकदम मतदान होतं तो मंगळवार, उलटल्यावर. तोवर निवड दुसऱ्यांनी करून ठेवलेली असते. यावर मोकळेपणी बोलूया, म्हणून हा धागा.

डोंगरवाट

पुण्यातून वाचतोय, राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. कॉकस म्हणजे सभा आणि प्रायमरी म्हणजे मतदानकेंद्रावरचं गुप्त मतदान, हा फरक पुस्तकात वाचलाय. पण मुळात आयोवालाच पहिला नंबर कुणी दिला? घटनेत तर पक्षांचा उल्लेखच नाही.

नाशुआकर

कुणी ठरवून दिला नाही, तो वेळापत्रकातून पडला. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची पार शोभा झाली, बाहेर पोलिसांच्या लाठ्या आणि आत नेत्यांनी आपसात ठरवलेला उमेदवार. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग बसला. निवड उघड व्हावी, सामान्य सदस्याला वेळेवर कळवून व्हावी, असे नियम आले. आयोवात निवड चार पायऱ्यांची होती: वस्ती, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), काँग्रेसचा मतदारसंघ आणि मग राज्य. प्रत्येक पायरीच्या मधे पुरेसे दिवस सोडायचे म्हटल्यावर पहिली पायरी मागे सरकत सरकत २४ जानेवारी १९७२ वर आली. न्यू हॅम्पशायरच्याही आधी.

चार वर्षांनी जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी त्या तारखेची किंमत ओळखली. देशात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. घरोघर मुक्काम करत ते आयोवाभर फिरले. १९७६ च्या निकालात पहिला क्रमांक खरं तर 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांचा होता, ३७ टक्के. कार्टर यांना सुमारे २८. पण नाव असलेल्या उमेदवारांत ते पहिले, आणि बातमी तीच झाली.

आमच्या न्यू हॅम्पशायरची गोष्ट निराळी. १९२० पासून देशातली पहिली प्रायमरी आमची. राज्याचा तर कायदाच आहे की अशा कुठल्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आमची व्हायला हवी. तारीख राज्याचे सचिव ठरवतात. बिल गार्डनर १९७६ ते २०२२ त्या खुर्चीवर होते आणि दुसरं राज्य पुढे सरकलं की आमची तारीख त्याच्याही पुढे नेत.

मी इथे ३१ वर्षं आहे. उमेदवाराशी हात मिळवून, त्याला प्रश्न विचारून, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारून मग मत द्यायची इथे रीत आहे. कुठल्याही पक्षात नाव न नोंदवलेला मतदार ऐनवेळी कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो, त्यामुळे इथे कुणालाच गृहीत धरता येत नाही. १९६८ साली जॉन्सन अध्यक्ष असताना युजीन मॅकार्थी यांनी इथे ४२ टक्के मतं घेतली. जॉन्सन ४९ टक्के घेऊन जिंकले, तरी त्याच मार्चच्या ३१ तारखेला त्यांनी शर्यत सोडली.

जर्सीकर

काका, तुमचा अनुभव मोलाचा आहे. पण आमच्याकडूनही बघा. मी एडिसनला राहते. आमची प्रायमरी जूनमध्ये. २०२४ मध्ये ४ जूनला मत द्यायला गेले तेव्हा दोन्ही पक्षांत ठरायचं काही उरलंच नव्हतं. न्यू जर्सीत ९० लाखांवर माणसं, आणि आमच्याआधी आयोवाच्या ३२ लाखांनी आणि न्यू हॅम्पशायरच्या १४ लाखांनी ठरवून टाकायचं. त्यातही २०२४ ला आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला कडाक्याच्या थंडीत आले साधारण १ लाख १० हजार. आयोवात ८० टक्क्यांहून जास्त लोक गोरे, न्यू हॅम्पशायरमध्ये ९० च्या आसपास. माझ्या गल्लीत गुजराती, तेलुगू, डॉमिनिकन, कोरियन घरं आहेत. आमची पारख कुणी विचारतच नाही, मागतात ते फक्त चेक.

चेकचं म्हणते ते अनुभवाने. एका उमेदवाराच्या जेवणाच्या कार्यक्रमाला गेले होते. तास-दीड तास भाषण, त्यात मका, न्यू हॅम्पशायर, पुन्हा मका. न्यू जर्सीबद्दल एक वाक्य नाही. आम्हा लोकांना एच-वन-बीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल विचारायचं होतं, पण प्रश्नोत्तरं होण्याआधीच ते विमानतळाकडे निघाले. आमच्या राज्यातून उचललेला पैसा तिकडच्या जाहिरातींवर खर्च होतो.

आयोवावासी

मक्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या राज्यातला निम्म्याहून अधिक मका इथेनॉलला जातो. म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या सक्तीविरुद्ध बोलायची इथे सहसा कुणाची छाती होत नाही. इथेनॉलच्या अनुदानाला विरोध असलेले जॉन मॅकेन यांनी २००० साली आयोवा सोडूनच दिलं आणि सगळी ताकद न्यू हॅम्पशायरला लावली. तिथे ते मोठ्या फरकाने जिंकले आणि दोन-तीन दिवसांत इंटरनेटवरून दहा लाख डॉलरच्या वर देणग्या आल्या. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पण टेड क्रूझ २०१६ मध्ये या सक्तीला विरोध करूनही इथे जिंकले, त्यामुळे मका म्हणजे सर्व काही असंही नाही. चर्चच्या लोकांचं संघटन त्यांच्या मागे होतं.

खाडीकाठ

मी कॅलिफोर्नियात, सनीवेलला असतो. गेल्या काही निवडणुकांत ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करून देण्याचं काम केलंय, ज्याला इथे बंडलर म्हणतात. त्या बाजूने लिहितो.

२०२४ च्या फेरीत एका माणसाला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,३०० डॉलर देता येत होते, त्याहून जास्त नाही. म्हणजे कोटी जमवायचे तर हजारो माणसं हवीत, आणि ही माणसं मला फोनवर एकच गोष्ट विचारतात: "आयोवात कितवा आहे?" २०१९ च्या शरदात मी ज्यांच्यासाठी गोळा करत होतो त्यांचा आयोवातल्या पाहण्यांतला आकडा घसरला तसे माझ्या यादीतले लोक फोन उचलेनासे झाले. धोरणं तीच होती, माणूस तोच होता. पैसे आटले म्हणून आयोवातली कार्यालयं बंद, कार्यालयं बंद म्हणून आकडा आणखी खाली. त्यांनी मतदान सुरू होण्याआधीच माघार घेतली. कमला हॅरिस यांनी ३ डिसेंबर २०१९ ला शर्यत सोडली तेव्हाही पैसे नाहीत हेच कारण सांगितलं होतं. आयोवाला अजून दोन महिने होते.

म्हणून माझ्या मते या राज्यांचा धाक मतदानाच्या दिवसाआधीच चालू होतो. आधीचं वर्षभर देणगीदारच एक निवडणूक घेत असतात, तीही आयोवातला माणूस काय करेल याच्या अंदाजावर.

उलटही होतं. हॉवर्ड डीन यांनी २००३ मध्ये ४ कोटी डॉलरच्या वर जमवले, तोवर कुणा डेमोक्रॅटने एका वर्षात एवढे जमवले नव्हते, आणि बहुतेक छोट्या देणग्यांमधून. जॉन केरी मागे पडले होते. त्यांनी बॉस्टनचं घर गहाण ठेवून ६४ लाख डॉलर उभे केले आणि आयोवात लावले. १९ जानेवारी २००४ ला केरी पहिले, डीन तिसरे. आणखी आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरलाही डीन हरले, तेव्हा तिजोरीत इतकं कमी उरलं होतं की कर्मचाऱ्यांना दोन आठवडे बिनपगारी थांबायला सांगावं लागलं.

नाशुआकर

गॅरी हार्ट यांचं उदाहरण यात जोडा. १९८४ ला आयोवात माँडेल ४९ टक्के, हार्ट १६. पण दुसरे आले म्हणून एकदम प्रकाशात, आणि आठ दिवसांनी आमच्याकडे जिंकले. पुढे पैसा येऊ लागला, पण संघटना उभारायला दिवसच नव्हते. काही राज्यांत डेलिगेटांच्या पूर्ण याद्यासुद्धा वेळेत भरल्या गेल्या नव्हत्या. दोन-चार आठवड्यांत आलेला पैसा वर्षभराच्या तयारीची जागा घेत नाही.

डोंगरवाट

पण मग सुपर पॅकने हे बदललं असेल ना? तिथे तर मर्यादाच नाही.

खाडीकाठ

बदललं, आणि मला ते मनापासून खटकतं. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड आणि स्पीचनाऊ हे दोन न्यायालयीन निकाल आले. त्यानंतर उमेदवारापासून कागदोपत्री वेगळ्या असलेल्या गटाला, म्हणजेच सुपर पॅकला, कुणीही कितीही देऊ शकतं. आधी पैसा संपला की उमेदवार घरी जायचा. आता एक श्रीमंत माणूस त्याला श्वास देऊ शकतो. २०१२ मध्ये न्यूट गिंग्रिच आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्येही मागे. जुन्या हिशेबाने संपले असते. लास वेगासचे कसिनोमालक शेल्डन अ‍ॅडेलसन यांनी त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकला ५० लाख डॉलर दिले, जाहिराती दक्षिण कॅरोलिनाभर लागल्या, वादसभांतही त्यांनी बाजी मारली, आणि २१ जानेवारीला ते तिथे जिंकले.

आता पारदर्शकतेचं बघा, कारण मला सर्वात महत्त्वाचं हेच वाटतं. निवडणुकीच्या आदल्या वर्षी सुपर पॅकला हिशेब सहा महिन्यांनी दिला तरी चालतो. जुलै ते डिसेंबरचा हिशेब ३१ जानेवारीला. २०१२ मध्ये आयोवा ३ जानेवारीला, न्यू हॅम्पशायर १० ला, दक्षिण कॅरोलिना २१ ला आणि फ्लोरिडा ३१ लाच. ज्या जाहिराती पाहून चार राज्यांनी मत दिलं त्या कुणाच्या पैशाच्या, हे मत देऊन झाल्यावर कळलं. २०२४ लाही आयोवा १५ जानेवारीला आणि न्यू हॅम्पशायर २३ ला. गोष्ट तीच. आधी मत देणाऱ्यांच्या हातात वजन सर्वात जास्त आणि माहिती सर्वात कमी. बदल करायचाच तर माझ्या मते आधी या तारखेत करा, राज्यांचा क्रम नंतर बघू.

जर्सीकर

हे मला ठाऊक नव्हतं. ३१ जानेवारीचं ऐकून राग आला.

पाल्मेटो

ग्रीनव्हिल, दक्षिण कॅरोलिना. आमचं राज्य यात कसं बसतं ते सांगतो. २००६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ठरवलं की सुरुवातीला फक्त दोन गोरी राज्यं नकोत. म्हणून २००८ पासून नेव्हाडा आणि दक्षिण कॅरोलिना आले. आमच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय असतात.

२०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, नेव्हाडात बरेच मागे राहून दुसरे. देणगीदार पाठ फिरवून बसले होते. २६ फेब्रुवारीला आमचे खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला. माझ्या ऑफिसातल्या एक वयस्क कृष्णवर्णीय बाई त्या संध्याकाळी म्हणाल्या, "जिमला 'जो' माहीत आहे आणि जिमला आम्ही माहीत आहोत." २९ ला बायडन निम्म्याच्या जवळपास मतं घेऊन जिंकले. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार बाहेर, आणि ३ मार्चला बायडन यांनी १४ पैकी १० राज्यं घेतली. मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत त्यांचा प्रचार नावापुरताच होता, तरी तिथेही जिंकले.

त्याच दिवशी मायकेल ब्लूमबर्ग यांचं काय झालं ते आठवा. पहिली चारही राज्यं सोडून ते थेट सुपर ट्यूजडेला उतरले. स्वतःचे जवळपास एक अब्ज डॉलर ओतले आणि हाती आलं अमेरिकन समोआ. दुसऱ्या दिवशी बाहेर. जुलियानी यांनीही २००८ मध्ये सुरुवातीची राज्यं सोडून फ्लोरिडावर भिस्त ठेवली होती, तेही तिसरे आले.

म्हणून मी म्हणतो, पैशाला या राज्यांच्या दारातून यावंच लागतं.

नाशुआकर

जेब बुश यांचंही तेच. २०१५ च्या मध्यापर्यंत त्यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे १० कोटी डॉलरच्या वर. आयोवात सहावे, तीन टक्क्यांच्या आसपास. दक्षिण कॅरोलिनानंतर माघार, पदरी चार डेलिगेट. आमच्या गावच्या सभेत मी त्यांना पाहिलंय, तयारी उत्तम, माणूस सभ्य. पण टीव्हीवर दिवसभर जाहिराती असूनही खोलीत ऊब नव्हती. लहान राज्यात ती ऊब आहे की नाही हे लपत नाही.

म्हणून जर्सीकरताई, सगळ्या देशात एकाच दिवशी प्रायमरी घेतली तर पहिल्या दिवसापासून ५० राज्यांत टीव्ही विकत घ्यावा लागेल. ते कुणाला परवडेल? कार्टर यांना परवडलं नसतं. २०१२ ला रिक सँटोरम एका पिकअप ट्रकमधून आयोवाच्या ९९ काउंट्या फिरले. आधी रॉमनी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, नंतर पक्की मोजणी आली तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे. असा माणूस राष्ट्रीय प्रायमरीत दिसलाच नसता.

जर्सीकर

एकाच दिवशी घ्या असं मी म्हणतच नाहीये. लहान राज्यं पहिली असू देत, पण दर चार वर्षांनी वेगळी असू देत. एकदा न्यू मेक्सिको, एकदा डेलावेअर, एकदा र्‍होड आयलंड. ऊब तिथेही कळेल. ब्रायन नाईट आणि नॅथन शिफ या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ ची डेमोक्रॅटिक शर्यत तपासली होती. आधीच्या राज्यातल्या मतदाराचा प्रभाव उशिराच्या राज्यातल्या मतदाराच्या पाचपटीपर्यंत जातो, असं त्यांना आढळलं. पाचपट, काका. हा हक्क कायमचा दोन राज्यांना का?

आणि ९९ काउंट्या फिरून नेहमी फळ मिळतं असंही नाही. २०२४ ला डिसँटिस सगळ्या ९९ फिरले, २१ टक्के मिळाले, सहा दिवसांनी शर्यत सोडली. रामस्वामी तर दोनदा फिरले. त्यांना आठ टक्केही नाहीत, त्याच रात्री बाहेर. ट्रम्प यांना ५१. ज्यांना आधीपासून सगळा देश ओळखतो त्यांच्यापुढे या घरोघर फिरण्याचं काय चाललं?

नाशुआकर

पाचपटीचं मान्य. फिरत्या क्रमालाही माझा तत्त्वतः विरोध नाही. पण न्यू हॅम्पशायरचा कायदा बदलायला न्यू हॅम्पशायरचीच विधानसभा लागते. २०२४ साठी पक्षाने दक्षिण कॅरोलिना पहिली ठरवली, ३ फेब्रुवारी. आम्ही २३ जानेवारीलाच घेतली. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तर कार्यकर्त्यांनी लोकांना हाताने नाव लिहायला लावलं. मी कडाक्याच्या थंडीत मतदानकेंद्राबाहेर पाटी घेऊन उभा होतो. सुमारे ६४ टक्के लोकांनी नाव लिहिलं.

पाल्मेटो

आणि निकी हेली यांच्या बाबतीत देणगीदारांची घाई बघा. आमच्या माजी गव्हर्नर, बॅम्बर्गमध्ये पंजाबी शीख घरात जन्मलेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोक या बड्या उद्योगपतींच्या वर्तुळातल्या गटाने त्यांना पाठिंबा दिला. आयोवात तिसऱ्या, न्यू हॅम्पशायरमध्ये दुसऱ्या. २४ फेब्रुवारीला घरच्या राज्यात हरल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या गटाने त्यांच्यासाठीचा खर्च थांबवला. त्यांना आमच्याकडे ३९ टक्क्यांच्या वर मतं होती. इतक्या लोकांनी ज्यांना निवडलं त्यांच्यामागचा हात एका रात्रीत काढला गेला. मी त्यांचा मतदार नव्हतो, तरी वाईट वाटलं.

नवखा

एच-वन-बीवर आहे, डॅलसला. मला २५ डॉलर देता येतील का? एका उमेदवाराच्या मेलमध्ये लिंक आली आहे.

खाडीकाठ

नाही. २५ काय, एक डॉलरही नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक यांनाच देणगी देता येते. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी व्हिसा, कुणालाही नाही. दुसऱ्याच्या नावावर आपले पैसे देणं हाही गुन्हा आहे, मित्राच्या नावाने द्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ग्रीन कार्ड असलेल्यांनी लक्षात ठेवा, पैसे देता येतात, मत नाही. आणि एका उमेदवाराला एकूण २०० डॉलरच्या वर गेलात की नाव, नोकरीचं ठिकाण आणि हुद्दा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो.

जर्सीकर

मंडळांबद्दलही लिहा. आमच्याकडे एकदा गणपतीच्या मंडपात एका उमेदवारासाठी डबा ठेवायचा बेत होता.

खाडीकाठ

करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर अजिबात चालत नाही. संस्थेला उमेदवाराची बाजू घेता येत नाही, सूट जाऊ शकते. मतदार नोंदणीचं टेबल मात्र ठेवता येतं, कुठल्याच पक्षाकडे न झुकता.

आयोवावासी

आमच्याकडे मागच्या गणपतीत आम्ही नेमकं तेच टेबल ठेवलं होतं. बारा जणांची नावं नोंदवली. त्यातली दोघं सतरा वर्षांची. आयोवात नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षी कॉकसला येता येतं. त्यातल्या एकीची आई म्हणाली, आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, आमच्या घरातलं पहिलं मत हीच देणार.

जर्सीकर, तुमचा पाचपटीचा मुद्दा माझ्या मनातून जात नाहीये. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ लाच आमचा पहिला नंबर काढला, आमच्या पसंतीच्या मतपत्रिका टपालाने गोळा झाल्या आणि निकाल ५ मार्चला लागला. जिममधली ती रात्र पुन्हा येईल असं वाटत नाही. मला ती हवी होती, पण माझ्या हवेपणापायी एडिसनच्या माणसाचं मत पाचपट हलकं व्हावं असं मी म्हणू शकत नाही. २०२८ चं वेळापत्रक पुन्हा मांडलं जातंय, त्यात लहान राज्यांचा क्रम फिरता ठेवा असं मी माझ्या काउंटीच्या बैठकीत मांडणार आहे. खाडीकाठ, ३१ जानेवारीच्या तारखेचा मुद्दा तुमच्या शब्दांत एका पानात लिहून द्याल का? बैठक पुढच्या मंगळवारी आहे.

खाडीकाठ

रविवार रात्रीपर्यंत इथेच टाकतो. २०१२ आणि २०२४ च्या तारखा शेजारी शेजारी ठेवतो.